पायथनचं सोवळं

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दहा ओळींचा प्रोग्राम लिहायचाय हो, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब! तर म्हणे आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. प्रत्येक प्रोजेक्टचं सोवळं वेगळं, याच्या लायब्ररीने, म्हणजे उसन्या आयत्या कोडने, त्याला शिवायचं नाही. का? तर एकाला नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची आवृत्ती १ हवी, दुसऱ्याला २, आणि दोघांचं एका घरात पटत नाही.

बरं, सोवळं करायचं कशाने? व्हर्च्युअलएन्व्ह, पिपएन्व्ह, कोंडा, पोएट्री, आता यूव्ही. अरे, २०१२ साली पायथन ३.३ मध्ये व्हेन्व्ह हे सोवळ्याचं साधन आयतंच आलं ना? मग मिटवा की एकदा! डेबियन १२ या लिनक्सवर तर लायब्ररी बसवायला नुसतं पिप इन्स्टॉल म्हटलं की दारातूनच हाकलतात.

आणि हे सगळं देवगडात, जुलैत! धो धो पाऊस, वीज कधीच गेलेली, रेंजसाठी लॅपटॉप घेऊन माडीच्या खिडकीत उभा. पायटॉर्च (एआयची लायब्ररी) उतरतंय, शेकडो एमबी, आणि संपत आलं की नेट गुल. पुन्हा श्रीगणेशा! उतरलंच एकदाचं, तर प्रत्येक एन्व्हायर्नमेंटमध्ये त्याची वेगळी प्रत. डिस्क काय माझ्या आज्याने ठेवलीय? वर फोल्डरचं नाव बदललं की सगळं कामातून गेलं, कारण आत जुना पत्ता ठोकून बसवलेला.

पुण्यातला मित्र फोनवर गार आवाजात म्हणतो, "माझ्याकडे चालतंय की!"

मग तुझा लॅपटॉपच एसटीत टाकून पाठव ना, मेल्या!