येत नाही ना? मग बरंच आहे!

पाळी चार महिने आली नाही? अभिनंदन! पॅडचे पैसे वाचले, सहलीच्या तारखा मोकळ्या आणि देवघरात जाण्यायेण्याची कटकट नाही. डॉक्टर याचं कारण पीसीओएस सांगतात, म्हणजे बीजकोशांच्या हॉर्मोन्सचा बिघाड; आपण आपलं पीसीओडीच म्हणू. आत्या सांगतेच आहे, 'लग्न झालं की सगळं सुरळीत होतं.' गर्भपिशवीला तेवढं कळवायचं राहिलंय.

आत काय चालतं, ते नुसतं ऐकून सोडून द्या. इस्ट्रोजेन नावाचं हॉर्मोन गर्भपिशवीला आतून सारवत असतं. स्त्रीबीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन येतं आणि म्हणतं, 'पुरे आता, हात धू.' गर्भ राहिला नाही तर तेही निघून जातं आणि सारवण गळून पडतं. तीच पाळी. पीसीओएसमध्ये महिनोन् महिने बीजच सुटत नाही, मग 'पुरे' कोण म्हणणार? सारवणावर सारवण चढत राहतं. चरबीत तयार होणारं इस्ट्रोजेन वर आणखी हातभार लावतं. बारीक मुलींनी हिरमुसू नये, बीज न सुटायला वजनाची अट नाही.

९० दिवस उलटले तर दाखवायला या, असं डॉक्टर म्हणतात. तुम्ही ९१व्या दिवशी पपई खा. ९५व्या दिवशी तीळ. मग एकदा सुरू झाली आणि पंधरा दिवस थांबेना, की आजी म्हणेल, 'साचलेलं निघतंय, निघू दे.' तिथे रक्त साचलेलं नसतं, जाड झालेलं अस्तर जागोजागी ढासळत असतं. पण या वयात आजीला कशाला दुखवायचं? अस्तराच्या पेशी बेताल वाढत गेल्या तर पुढे कर्करोगही होऊ शकतो, आणि पीसीओएस असलेल्या तरुण बायकांत तो इतरांपेक्षा कित्येक पट जास्त आढळतो. तरी एकूण धोका कमीच, म्हणून सरसकट सगळ्यांची तपासणी करत नाहीत. यातलं 'कमीच' तेवढं पाठ करा.

डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या गोळ्या दहा-बारा दिवस घ्यायला सांगितल्या, तर चिठ्ठी पर्समध्ये मुरू द्या. हॉर्मोन्स आपल्या घरात चालत नाहीत.

अपवाद फक्त भाद्रपदाचा. गौरी यायच्या आठवडाभर आधी काकू स्वतः मेडिकलमध्ये जाते आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचं पाकीट आणते. चिठ्ठी लागत नाही, काकूचा चेहरा पुरतो. त्याही त्याच जातीच्या गोळ्या, पण त्यांना कुणी हॉर्मोन म्हणत नाही. चार महिने न आलेली पाळी पुढे कशी ढकलायची, असं विचारू नका. ऐन पुरणपोळीच्या दिवशी आली म्हणजे? मुकाट्याने गिळा. विसर्जन होतं, गोळ्या थांबतात आणि तीन-चार दिवसांत पाळी हजर.

'बघ,' काकू म्हणते, 'गौर पावली.'