शुभेच्छुक कसं व्हावं?

समाजकार्याची हौस आहे, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, अशी पुष्कळ मंडळी आपल्या किनाऱ्यावरच्या छोट्या शहरांतून रिकामी बसलेली आहेत. त्यांच्यासाठी हे चार शब्द. मला काय अधिकार, असं विचाराल तर मी गेल्या महिन्यापासून आमच्या प्रभागातला छापील शुभेच्छुक आहे. वरून दुसरी रांग, डावीकडून पाचवा. फोटोखाली 'ज्येष्ठ मार्गदर्शक' असं लिहिलंय आणि आडनावातला एक काना गाळलाय. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. उभ्या आयुष्यात केलेलं मार्गदर्शन म्हणजे 'तीन नंबरच्या फलाटावर बघा', एवढंच.

तर, सुरुवात गाळ्यापासून. नाक्यावर एखादा गाळा धरावा, चार प्लास्टिकच्या खुर्च्या टाकाव्यात, एक कॅरम, भिंतीवर महाराजांची तसबीर. याला जनसंपर्क कार्यालय म्हणतात. जनतेशी संपर्क संध्याकाळी सातनंतर, डाव संपला की. पक्ष कुठला, ही चिंता पहिल्याच दिवशी करू नये. आमच्या नाक्यावरच्या कार्यालयाचा बोर्ड सहा वर्षांत तीनदा बदलला, कॅरम बोर्ड तोच आहे.

पदं सढळ हाताने वाटा. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, संघटक, समन्वयक, सहसमन्वयक, प्रसिद्धिप्रमुख. आमच्या वाडीत घरं एकेचाळीस आणि पदाधिकारी सव्वीस. नुसता नागरिक आता औषधालाही मिळत नाही.

प्रभागाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा आणि त्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सोय ठेवा. याला दुतर्फा संवाद म्हणतात.

लोकशाहीवर मात्र प्रेम पाहिजे, आणि ते वेळ बघून केलेलं पाहिजे. नगरपरिषदेत जवळजवळ चार वर्षं प्रशासक बसला होता. त्या चार वर्षांत नाक्यावरचं शटर कुणी अर्धंसुद्धा वर केलं नाही. मे २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका उरका म्हणून सांगितलं आणि शटरला तेलपाणी झालं. २ डिसेंबरला मतदान, निकाल लांबला तो थेट २१ तारखेला. मधले एकोणीस दिवस आमची पोरं यंत्रं ठेवलेल्या खोलीबाहेर राखण बसली. आळीपाळीने, थंडीत, कानाला मफलर गुंडाळून. एवढे जागरूक राखणदार वेशीवरच्या देवानेही पाहिले नसतील. म्हणून तर मला वाटलं, ही पोरं व्हाळाचीही, म्हणजे आमच्या ओढ्याचीही, राखण करतील. माणूस म्हातारा झाला की त्याला काहीही वाटतं.

प्रभागात नगरसेवक दोन असतात, ही मोठी सोय. एकाकडे गेलात तर ते काम दुसऱ्याकडे असतं.

आता मेळावा. हा कार्यक्रम नीट जमला की पुढची पाच वर्षं काही करावं लागत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नाव 'नागरिक संवाद' ठेवावं. पत्रिकेत वेळ पाचची छापावी आणि सव्वासातला दीपप्रज्वलन करावं, तोवर माणसं पंख्याखालच्या खुर्चीसाठी आपापसात संवाद करतात. मग सत्कार. आमच्याकडे सोळा झाले. मे महिन्यातल्या आमच्या घामात सोळा माणसांच्या खांद्यावर सोळा शाली, आणि प्रत्येकाने फोटो निघेपर्यंत ती अंगावरून काढायची नाही. शालीच्या ऐवजी पंचा दिला असता तर निदान उपयोगी पडला असता. मग भाषणं. देवळात गाऱ्हाणं घालतात तसं एक जण बोलतो आणि सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. फरक एवढाच की गाऱ्हाण्यात आधी अडचण काय ते मोठ्याने सांगतात.

माझे वडील नाथ पैंच्या सभेच्या गोष्टी सांगायचे. कंदील घेऊन डोंगर उतरून माणसं यायची म्हणे, आणि परत जाताना वाटेत भांडायची, बॅरिस्टर कुठे बरोबर बोलले आणि कुठे चुकले यावरून. नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ला राजापुरातून लोकसभेवर गेले. त्यांच्यामागून मधू दंडवते १९७१पासून सलग पाच वेळा. दोघांना शुभेच्छुक किती होते ते कुणी मोजलेलं नाही. पण हे जुनं झालं. आमच्या मेळाव्यातून परत जाताना भांडण झालं ते वडे कुणाला पोचले नाहीत यावरून.

शेवटी, वड्यांचा वास हॉलमध्ये शिरल्यावर, 'कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा' असं म्हणावं. कुणी विचारत नाही. आमच्याकडे मी विचारलं. उठून, हात वर करून म्हटलं, 'व्हाळाची मोरी मिरगाच्या आधी साफ होणार का? गेल्या वर्षी पाणी पायरीला लागलं होतं.' व्यासपीठावरून उत्तर आलं, 'काकांची सूचना नोंद करून घ्या रे.' नोंद घ्यायला वही नव्हती, म्हणून एका पोराने मोबाइलवर माझा फोटो काढला.

कुणी म्हणेल, अशा ठिकाणी कशाला विचारायचं, विचारायच्या जागा ठरलेल्या असतात. असतात, खेड्यात असतात. तिथे १ मेला, १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला तोंडावर विचारता येतं. आपण पडलो शहरवाले. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ला लागू झाली, पण प्रभाग समितीचं बंधन तिने घातलं ते तीन लाख आणि त्यावरच्या वस्तीच्या शहरांना. तीन लाख माणसं आमच्याकडे गणपतीला मुंबई सगळी उतरली तरी भरत नाहीत.

माहितीचा अधिकार जरूर वापरावा. २००५चा कायदा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. मला अठ्ठाविसाव्या दिवशी मिळालं: 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.' मी विचारलं होतं, मोरी शेवटची साफ कधी केली. म्हणजे तसं पाहिलं तर उत्तर खरंच आहे.

राहिला फ्लेक्स. फ्लेक्सशिवाय कार्यकर्ता म्हणजे पालखीशिवाय भोई. वाढदिवस, निवड, फेरनिवड, दहावीचे गुणवंत, हायमास्ट दिवा, पेव्हर ब्लॉक, पेव्हर ब्लॉक उखडून पुन्हा घातलेले पेव्हर ब्लॉक, काहीही चालतं. मधे साहेब कानाला मोबाइल लावून, भोवती बत्तीस जण शुभेच्छुक. बत्तीस जणांना विचारत बसू नये, वेळ जातो. मी नाक्यावर जाऊन जाब विचारला तेव्हा पोरगा म्हणाला, 'काकानू, रागावलात काय? तुमचो मान ठेवलो आम्ही!' मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा १९९५पासून राज्यात आहे, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, 'तेचोपण फ्लेक्स लावूया.'

फ्लेक्स मोठा असावा. दहा बाय वीस. विजेच्या खांबाला आणि माडाला सुंभाने बांधावा, वळणावर, म्हणजे समोरून येणारी एसटी दिसत नाही आणि माणसं थांबून वाचतात. वाढदिवस होऊन गेला तरी काढू नये. ज्याने लावला तो म्हणतो नगरपरिषद काढेल, नगरपरिषद म्हणते ज्याने लावला तो काढेल, आणि शेवटी वारा काढतो. पूर्वी आगोटीला आम्ही चुडतांची झापं विणून मांगर शाकारायचो. आता अख्खी वाडी फ्लेक्सने शाकारलेली आहे. साहेबांचं तोंड लाकडांकडे करायचं की आभाळाकडे, यावर घराघरांतून मतभेद आहेत, तेवढीच काय ती प्रभागातली राजकीय चर्चा. हे फ्लेक्स निदान माणसाने उतरवून आणलेले असतात. आमचा तसा नव्हता.

मिरगाच्या तिसऱ्या रात्री वारा सुटला. अडीचच्या सुमाराला पाऊस कोसळायला लागला तो असा की पागोळ्या दिसेनात, नुसता पडदा. तीनला पडवीत पाय ठेवला तर पाणी. सव्वातीनला माजघरात. बायकोने तांदळाची पिंपं पलंगावर चढवली, धुण्याचं मशीन आहे तिथेच पाण्यात उभं. शेजारचा आणि मी कोयता, आकडी आणि बॅटरी घेऊन व्हाळावर गेलो. मोरीच्या तोंडाला फ्लेक्सच्या लाकडी रिपा आडव्या बसल्या होत्या, खिळ्यांसकट, आणि त्यावर फ्लेक्स ताणून बसला होता, पाटाला झडप लावावी तसा. पलीकडे मोरी रिकामी. अलीकडे अख्खी वाडी व्हाळात. पानं असती तर कुजून वाहून गेली असती. हे प्लास्टिक, ते कुजत नाही. छातीभर पाण्यात उभं राहून आम्ही तो कोयत्याने कापला. साहेब निघाले, गुणवंत निघाले, आणि बॅटरीच्या उजेडात दुसऱ्या रांगेतून मी निघालो.

मेळाव्यातलाच फोटो. त्या पोराने काढलेला. वर केलेला हात कापून टाकलाय, आणि तोंड तेवढं उघडं आहे. जवळून बघितलं तर कळतं, ते 'मोरी'तल्या 'मो'चं तोंड आहे.

अरे, काय म्हणायचं याला? मी उभा राहून विचारलं, मोरी साफ करा. तुम्ही माझं ते विचारणारं तोंड छापलंत आणि त्याच मोरीत कोंबलंत. लाज कशी नाही वाटली कुणाला? पाणी ओसरल्यावर सकाळी नऊला दोघांतला एक नगरसेवक आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बरोबर फोटो काढणारा. 'पाहणी' केली. चिखलात उभा राहून माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती पाहणीसुद्धा ग्रुपवर आली आहे. खाली अडतीस अंगठे. माझ्या माजघराचा चिखल उपसायला आला तो फक्त शेजारचा. तो कुठल्याच कार्यकारिणीत नाही.

एकोणीस रात्री यंत्रांना राखण बसलात, एक सकाळ फावडं घेऊन मोरीवर बसला असतात तर? चार माणसांचं दोन तासांचं काम होतं. सव्वीस पदाधिकारी आहात.

आणि हसताय काय? तुम्हीही होतात त्या हॉलमध्ये. माझ्या मागच्या रांगेत. तुमच्यातल्या निम्म्यांच्या खळ्यात दर वर्षी त्याच व्हाळाचं पाणी येतं. मी उभा राहिलो तेव्हा एकाने उठून 'काका बरोबर बोलतायत' म्हटलं असतं, दुसऱ्याने म्हटलं असतं, तर वही सापडली असती. तुम्ही चप्पल शोधत होतात. घरी जाऊन मला फोन केलात, 'बरा बोललास हां.' फोनवर कशाला, तिथे का नाही बोललात? मीही दोन वडे खाल्ले, ते नाकारत नाही. पण आधी बोललो, मग खाल्ले.

फ्लेक्सचे तुकडे धुऊन माझ्या पडवीत वाळत घातलेत. बत्तीस शुभेच्छुकांपैकी ज्याला ज्याला न विचारता छापलंय त्याने आपापलं तोंड येऊन ओळखावं आणि घेऊन जावं. मोरीत अजून दोन रिपा अडकलेल्या आहेत, मला एकट्याला निघत नाहीत. येताना पहार आणि घमेलं घेऊन या.