मगरीचं खानदान आणि आमचा नाना

"वीस कोटी वर्षं मगर जशीच्या तशी आहे, तिला बदलायची गरजच पडली नाही," असं म्हणून नानाने बशीतला चहा फुर्र करून ओढला. नानाने फुर्र केलं की विषय संपला असं समजायचं असतं.

पण काल ओटल्यावर मंदा होती. एकतीस वर्षं बायॉलॉजी शिकवून रिटायर झालेली बाई, शाळेत आमच्याच वर्गात होती, आणि नानाचा कुठलाही विषय संपू द्यायचा नाही हे तिने आठवीतच ठरवलंय. आमचा कट्टा म्हणजे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्या बंद वाड्याचा ओटला, वारसांची केस मिटेपर्यंत आमचाच. पिंट्याने सकाळी ग्रुपवर एक पोस्ट टाकली होती, की जुन्या काळी मगरींच्या कुळात जमिनीवर धावणारे, पाला खाणारे असे सगळे प्रकार होते, ती सगळ्यांनी बघितली होती, नानाने तर उघडायच्या आधीच 'फेक' म्हणून उलटा अंगठा टाकून दिला होता.

"नान्या," मंदा म्हणाली, "तुझे पणजोबा गायकवाडांच्या पागेत होते ना? आजोबा आखाड्यात, चुलत आजोबा कीर्तन करायचे, आत्या नाटकात, काका आफ्रिकेत. आता त्यातलं कोणी नाही. उरलास तू. ओटल्यावर बसून, तोंड उघडं ठेवून, कोणी चहा पाजतंय का बघणारा. उद्या कोणी परका माणूस आला आणि तुला बघून लिहून गेला की या घराण्यात सगळे पहिल्यापासून असेच बसून होते, तर चालेल तुला?"

लारीवाले काका एवढे हसले की गाळणीतली चहापत्ती परत पातेल्यात.

"मगरींचं तेच झालंय," मंदा म्हणाली. "पाण्यात दबा धरून बसणारी एक शाखा उरली, आणि आपण तिलाच सगळं खानदान समजतो. बाकीचे नातेवाईक पळणारे होते, पाला खाणारे होते, चिलखतवाले होते."

नानाने सरळ लारीवरच्या, मगरीवर बसलेल्या खोडियार माताच्या फोटोकडे बोट केलं. फोटोला अगरबत्तीचा धूर लागून लागून मातेचा चेहरा पिवळा पडलाय पण खालची मगर अजून हिरवीगार आहे. "माता किती वर्षांपासून बसलीय? हीच मगर आहे ना? बस." काका म्हणाले "बराबर छे". काकांचं मत नेहमी जो चहाचे पैसे देणार असेल त्याच्याकडे असतं आणि काल नानाची पाळी होती, हे लक्षात घ्या.

मी मधे पडलो कारण माझ्याकडे सांगण्यासारखं होतं. २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्री नदी गावात घुसली तेव्हाची गोष्ट, ती अकोट्यात छपराच्या पत्र्यावर चढलेली मगर सगळ्या देशाने बघितली पण आमच्या गल्लीतली फक्त मी बघितली. पाणी उतरल्याच्या दुसऱ्या रात्री, लाईट नव्हती, गॅलरीतून टॉर्च मारला तर खाली चिखलात एक मगर चालली होती. सरपटत नव्हती, चालली होती. चारी पाय ताठ करून पोट जमिनीपासून चांगलं वीतभर वर, आपले सासरे रात्री बाथरूमला उठतात ना तसं, सावकाश, कोणाला त्रास नको असं. फक्त शेपटीचं टोक चिखलात रेघ ओढत होतं. माझ्या पार्किंगच्या खांबाला तिने वळसा घातला, थांबली, एक श्वास सोडला तो मला पहिल्या मजल्यावर ऐकू आला. सकाळी रेघ होती, दोन्ही बाजूला पायाचे ठसे होते, मग टँकरवाल्याने धुऊन टाकलं.

"तेच सांगतेय," मंदा म्हणाली. "पोट उचलून चालायची सवय अजून गेलेली नाही. ऑस्ट्रेलियात गोड्या पाण्यातली एक जात आहे ती तर चक्क घोड्यासारखी उड्या मारत पळते. सगळ्यात जुने नातेवाईक ट्रायासिक काळातले, वीस-बावीस कोटी वर्षांपूर्वीचे, ते कुत्र्याएवढे लहान, काटकुळे, लांब पायांचे, जमिनीवर पळणारे. वेल्समधे सापडला त्याचं नावच टेरेस्ट्रिसुकस आहे, जमिनीवरची मगर. आणि हृदय बघ. सरड्याचं तीन कप्प्यांचं, मगरीचं चार. नुसतं पाण्यात पडून राहणाऱ्याला चार कप्पे कशाला लागतात? काही लोकांचं म्हणणं आहे की पूर्वज गरम रक्ताचे, धावते होते, नंतर ते पाण्यात येऊन थंड झाले."

"रिटायर झाले," पिंट्या म्हणाला.

मग पिंट्याने मादागास्करमधे सापडलेल्या एका जुन्या मगरीचा फोटो काढला. सिमोसुकस, २००० साली नाव दिलंय. आम्ही सगळे मोबाईलवर डोकं घालून. खरं सांगतो, कोणी न सांगता दाखवलं असतं तर मी मगर म्हटलीच नसती. तोंड चपटं, पग कुत्र्यासारखं, लांबी मीटरभर पण नाही, पाठीवर कवचाच्या पट्ट्या, शेपटी आखूड. आणि दात? लवंगेसारखे. मंदाने काकांच्या मसाल्याच्या डब्यातून खरोखरची लवंग काढून नानाच्या हातावर ठेवली, "हे बघ, याच्याने हरीण फाडता येतं का? हा पाला खायचा."

"शाकाहारी मगर?" नाना म्हणाला, "गुजरातचीच असणार मग."

हे मान्य करावं लागेल की चांगलं होतं. मंदा पण हसली. पण सोडते थोडीच, म्हणाली तू चेष्टेत बोललास पण फार लांब नाहीयेस, भारत आणि मादागास्कर नऊएक कोटी वर्षांपूर्वीपर्यंत चिकटलेलेच होते, आणि तमिळनाडूत कल्लमेडूला अगदी याच्यासारखा एक दात सापडलाय. आणि पाला खायचा प्रकार एकदाच झालेला नाही, २०१९ मधे दोघा संशोधकांनी जुन्या मगरींचे दात किती गुंतागुंतीचे आहेत ते मोजून काढलं, तर निदान तीन वेळा, कदाचित सहा वेळा, वेगवेगळ्या फांद्या आपापल्या शाकाहारी झाल्या.

"श्रावणात," पिंट्या.

पिंट्याला आवरावं लागतं. पण त्यालाच पुढचे फोटो सापडत होते. ब्राझीलचा आर्माडिलोसुकस, पाठीवर दुमडणारं चिलखत. टांझानियाचा पाकासुकस, मांजराएवढा, पाका म्हणजे स्वाहिलीत मांजरच, त्याच्या दाढा सस्तन प्राण्यांसारख्या एकमेकींवर बसणाऱ्या, म्हणजे हा घास चावून खायचा, आताची मगर तुकडे तोडते आणि गिळते, चावत नाही. (नाना पण चावत नाही, पण ते जाऊ दे.) नायजरचा काप्रोसुकस, त्याला रानडुकरासारखे सुळे, तीन जोड्या, तोंड बंद केलं तरी बाहेर. आणि जर्मनीत एक, त्याच्या बोटांना खुरांसारखी नखं.

नाना एवढा वेळ चष्मा पुसत होता. नाना चष्मा पुसतो म्हणजे मोबाईलवर काहीतरी शोधून ठेवलंय. "एक मिनिट," म्हणाला, "तुम्ही सगळे ब्राझील आणि टांझानिया करताय, आपल्या जबलपूरला काय सापडलं ते माहितीये? इंडोसुकस! इंडो म्हणजे भारत, सुकस म्हणजे मगर. माझे साडू जबलपूरला आहेत."

मंदा इतकी गोड हसली की मला नानाची दया आली. "नान्या, तो डायनोसॉर आहे. दोन पायांवर चालणारा, मांसाहारी. नाव मगरीचं पडलं, प्राणी मगर नाही. साडूंना विचार."

"मग नाव कशाला दिलं?"

"तुला प्रकाश नाव दिलंय ना, तसंच."

इथे पंधरा मिनिटं वाया गेली कारण नानाने बेडकाचा विषय काढला. म्हणजे अकरावीची जर्नल. मंदाचं म्हणणं नानाने तिच्या बेडकाची आकृती छापली आणि लिव्हर उलट्या बाजूला काढलं, म्हणजे धड कॉपी पण आली नाही, नानाचं म्हणणं बेडूकच टेबलावर उलटा ठेवला होता. हे आम्ही १९७९ पासून ऐकतोय. मंदाने नंतर त्याच शाळेत शिकवलं आणि दर वर्षी अकरावीला ती उलट्या लिव्हरची गोष्ट सांगायची, नाव घेऊन. नानाचा मुलगा त्या वर्गात होता. तर अशी ही दुश्मनी आहे, मगर निमित्त.

परत आल्यावर मात्र नाना एकदा चुकून बरोबर बोलला, आणि ते लिहिलं नाही तर तो म्हणेल मी पक्षपात केला. पिंट्याने कोरियाचे ठसे दाखवले, सियोल नाही, दक्षिणेला साचॉन म्हणून आहे तिथले, ११-१२ कोटी वर्षांपूर्वीचे. अशाच ठशांबद्दल आधी लोकांना वाटलं होतं उडणारे टेरोसॉर जमिनीवर चालले असतील, मग २०२० मधे म्हणाले नाही, ही मगरीच्या कुळातली, तीनेक मीटर लांब, आणि दोन पायांवर चालणारी. पाऊल अठरा ते चोवीस सेंटीमीटर, टाच टेकलेली, आणि हाताचा ठसा एक पण नाही.

"हाताचा ठसा नाही म्हणजे हात टेकलाच नाही कशावरून?" नाना म्हणाला. "मागचा पाय बरोबर पुढच्याच्या ठशावर पडला असेल. मांजर नाही चालत तसं? हाडं कुठायत?"

ओटल्यावर शांतता. मंदाने लवंग तोंडात टाकली. "हाच प्रश्न बाकीच्यांनी पण विचारलाय," म्हणाली. "शोधणाऱ्यांनी बघितलंय म्हणतात, एकावर एक पडल्याच्या खुणा नाहीत, आणि चाल इतकी अरुंद आहे की दोरीवर चालल्यासारखी. पण हाडं नाहीत, ते खरं." नानाने ताबडतोब आणखी एक चहा मागवला, सगळ्यांसाठी.

"हाडं पाहिजेत तर एफिजिया घे," मंदा पुढे म्हणाली. ही मगरीची लांबची चुलत बहीण, पण त्याच बाजूची. शहामृगासारखी, दोन पायांवर, तोंडात दात नाहीत, चोच. न्यू मेक्सिकोत १९४७-४८ मधे दगडासकट खणून काढली, प्लास्टरमधे गुंडाळून न्यूयॉर्कच्या म्युझियममधे नेली, आणि ठेवून दिली. कोणाला वाटलं त्यात काही विशेष नसेल. पन्नासपेक्षा जास्त वर्षांनी एका विद्यार्थ्याने प्लास्टर फोडलं तेव्हा आत ही निघाली, २००६ मधे नाव मिळालं.

"पन्नास वर्षं गठ्ठा उघडला नाही?" मी म्हटलं.

"नान्याचं ऑफिस," मंदा म्हणाली. "माझी पेन्शनची फाईल त्याच्या टेबलावर आठ महिने होती."

"ती माझ्या टेबलावर नव्हती, शेजारच्या टेबलावर होती!"

"प्लास्टरमधे."

यावर कोणी काही बोलू शकलं नाही. काकांनी पेला खाली ठेवला आणि तोंड फिरवून खांदे हलवत बसले.

नानाने शेवटचा पत्ता टाकला. एवढे पळणारे, चावणारे, चिलखतवाले हुशार होते तर गेले कुठे? डायनोसॉरबरोबर मेले ना सगळे? उरली कोण, बसून राहणारीच ना? मला वाटलं आता मंदा अडकली, पण ती म्हणाली सगळे नाही मेले. दक्षिण अमेरिकेत एक फांदी नंतर पण कोट्यवधी वर्षं टिकली, सेबेकस आणि त्याचे भाऊबंद, उंच अरुंद जबडा, करवतीसारख्या कडांचे चपटे दात, नुसता सुटा दात हातात आला तर डायनोसॉरचा म्हणून फसाल असे. त्यातला बारिनासुकस व्हेनेझुएलात दीड कोटी वर्षांपूर्वी होता, सहा मीटरचा असावा असा अंदाज आहे, डायनोसॉर गेल्यानंतर जमिनीवर शिकार करणाऱ्यांत त्याच्याएवढा मोठा क्वचितच कोणी झाला असेल. आणि कॅरिबियन बेटांवर तर पन्नास-सत्तर लाख वर्षांपूर्वीपर्यंत होते, २०२५ मधेच छापून आलं, डोमिनिकन रिपब्लिकमधे दात आणि मणके सापडले. "आपल्या सयाजीबागेतल्या म्युझियममधे तो व्हेलचा सांगाडा आहे ना, नान्या, त्याचे नातेवाईक पण चार पायांवर होते, कच्छमधे सापडलेत, कच्छिसिटस. कोण पाण्यातून बाहेर येतो, कोण परत जातो. तू एकटाच कुठे जात नाहीस."

"मी पुरात गेलो होतो," नाना म्हणाला, आणि ते बोलायला नको होतं. कारण पुराची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. नानाने पहिल्या मजल्यावरून मगर मगर ओरडून होडीवाली पोरं बोलावली, पोरं काठ्या दोऱ्या घेऊन आली, आणि पार्किंगमधून ओढून काढली ती नानाच्याच स्कूटरची सीट. काळी, फाटलेली, फाटलेल्या जागी पिवळा स्पंज, लांबून खरंच जबड्यासारखी दिसत होती असं तो अजून म्हणतो.

"सीटसुकस," पिंट्या म्हणाला आणि तेवढ्यात लाईट गेली.

पूर्ण अंधार, वरून भुरभुर पाऊस, आणि लारीखाली काहीतरी सरकलं. ओलं, जड, जमिनीला घासत. मी पाय वर घेतले. काका "ओ माडी" म्हणाले. नाना खाली रस्त्यावर उभा होता, तो एकदम ओटल्यावर. ओटला माझ्या कमरेच्या वर आहे आणि नानाला गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय.

पिंट्याने टॉर्च लावला. काकांचा टायग्या कुत्रा, तोंडात पावाचं पाकीट, ओल्या गोणपाटासकट बाहेर येत होता.

मंदाने टॉर्च हळूच खाली वळवला. चिखलात नानाची एक चप्पल रुतून बसली होती, तिच्या पुढे एक अनवाणी पाऊल, टाच टेकलेलं, आणि पुढे काही नाही.

"पिंट्या, फोटो काढ," ती म्हणाली. "मागचेच पाय आहेत, हाताचा ठसा कुठेच नाही."

"चप्पल दे आधी," नाना वरून ओरडत होता.