गाईड, टीका आणि शाकुंतलाचा पाचवा अंक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

कालिदासाच्या शाकुंतलाच्या पहिल्या वाचनाबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर आणि तळमळीनं लिहिलंत, की त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं. म्हणून इथे जरा ऐसपैस लिहिते. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी: मूळ नाटकाच्या शेजारी एखादं चांगलं गाईड उघडं ठेवायला काहीच हरकत नाही, असं मी म्हटलं होतं. सर म्हणतात की संस्कृत शिकवण्यात हयात गेली, गाईडांनी मुलांचं नुकसानच केलेलं पाहिलं. नाटक न उघडता मुलं पास होतात. आमच्या पिढीनं कालिदास थेट वाचला. आणि अस्सल नाटकाला कुबड्या लागत नाहीत.

नाटक न उघडता पास होणाऱ्या मुलांबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. फक्त त्या रागाचा रोख मला पेपर काढणाऱ्यांकडेही वळवावासा वाटतो. ‘दुष्यंताचे स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्न आलटून पालटून येत राहिला, की धीरोदात्त, प्रजावत्सल, रसिक अशी विशेषणं ओळीनं छापणारं पुस्तक बाजारात येणारच, आणि मुलं तेच घोकणार. प्रश्न बदला, ती पुस्तकं आपोआप मागे पडतील.

पण ‘थेट वाचला’ हे मला पटत नाही. शाकुंतल थेट कुणी वाचलं, सर? दुष्यंत आणि कण्व संस्कृतात बोलतात. शकुंतला, अनसूया, प्रियंवदा, विदूषक हे सगळे प्राकृतात. म्हणजे नायिकेचंच बोलणं संस्कृत येणाऱ्याला सरळ कळत नाही. म्हणून तर छापील आवृत्त्यांमध्ये प्रत्येक प्राकृत वाक्याची संस्कृत छाया, म्हणजे शब्दाला शब्द लावलेलं संस्कृत रूप, दिलेली असते, आणि आपण सगळे मुकाट्यानं छायाच वाचतो. त्या छायेला आपण गाईड म्हणत नाही, इतकंच. कालिदासानंतर कितीतरी शतकांनी राघवभट्टानं ‘अर्थद्योतनिका’ ही टीका, म्हणजे नाटकाचा अर्थ उलगडणारं विवरण, लिहिली, ती पंडितांसाठी. त्यांनाही टीका हवीच होती. आणि मोरेश्वर रामचंद्र काळ्यांची आवृत्ती तर तुमच्या कपाटात असणारच. मूळ संहिता, राघवभट्टाची टीका, शब्दशः इंग्रजी भाषांतर, मागे भरगच्च टिपा. महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून पिढ्यान्‌पिढ्या शाकुंतल शिकलं गेलं ते अशा आवृत्त्यांवर. ते विद्यार्थ्यांसाठीच केलेलं पुस्तक आहे आणि मला त्याबद्दल नितांत आदर आहे.

तेव्हा मदत घ्यावी की नाही हा वाद मला खरा वाटत नाही. कसली मदत, एवढंच पाहायचं. कालिदासाच्या प्रेक्षकाला जे न सांगता ठाऊक होतं आणि आपल्याला ठाऊक नाही, ते सांगणारं पुस्तक हवंच. महाभारताच्या आदिपर्वात ही गोष्ट येते तिथे राजाला शकुंतलेचा विसर पाडणारा शापही नाही आणि तिची आठवण परत आणणारी अंगठीही नाही, हे माहीत नसेल तर कालिदासानं काय केलं ते कळणार कसं? तिथला दुष्यंत सगळं आठवत असून भर सभेत ओळख नाकारतो, आकाशवाणी झाल्यावर तिला स्वीकारतो, आणि लोकांना संशय राहू नये म्हणून असं वागलो, असं सांगतो. हा माणूस कालिदासाला नायक म्हणून उभा करायचा होता. ही दोन वाक्यं टिपेत मिळाली की अख्खं नाटक वेगळं दिसायला लागतं.

तसंच चौथ्या अंकाच्या सुरुवातीचं. शकुंतलेच्या दोघी मैत्रिणी फुलं वेचताहेत आणि शाप येतो तो पडद्याआडून, नुसता आवाज. जिच्यावर सगळं कोसळणार, तिला पत्ताच नाही. मैत्रिणी ते तिच्यापासून लपवायचं ठरवतात. नवखा वाचक ‘नेपथ्ये’ (पडद्याआडून) आणि ‘विष्कंभक’ (मधल्या घटना सांगणारा छोटा जोडप्रवेश) हे शब्द ओलांडून पुढे जातो आणि त्याच्या हातून ही जागा निसटते. विष्कंभक म्हणजे काय, तो अंकाच्या आधी कशासाठी असतो, हे कुणीतरी सांगायलाच हवं.

नको ते गाईड जे निकाल देऊन मोकळं होतं. त्याचा नमुना पाचव्या अंकातच आहे, आणि माझा खरा जीव त्या अंकात अडकलेला आहे. बहुतेक गाईडांत एक ठराविक वाक्य असतं: दुर्वासाच्या शापामुळे दुष्यंत दोषमुक्त होतो. झालं, उत्तर मिळालं. आता अंक उघडून पाहा. शकुंतला दरबारात येण्याआधी, अगदी आरंभी, आतून गाणं ऐकू येतं. राजाच्या अंतःपुरातली हंसपदिका गाते आहे: नव्या मधाला लालचावलेल्या भुंग्या, आंब्याच्या मंजिरीचं तसं चुंबन घेऊन आता कमळातल्या नुसत्या वस्तीनं तू तृप्त झालास, तिला विसरलास तरी कसा? विदूषक विचारतो, अर्थ कळला का? राजा हसून कबूल करतो, हिच्यावर मी एकदाच प्रेम केलं, आता वसुमती राणीवरून ही मला टोमणा मारते आहे. हंसपदिकेला विसरायला कुणाचा शाप लागला होता?

हा प्रश्न कालिदासानं तिथे मुद्दाम ठेवला आहे असं मी ठामपणे मानते. शकुंतलेला नाकारण्याच्या जरा आधी त्यानं आपल्याला दाखवून ठेवलं, की विसरणं या माणसाच्या अंगवळणी पडलेलं आहे. शाप खराच आहे, पण त्याच्या आडून सगळं माफ होत नाही. बरं, गाणं इथे आणखी एक काम करतं. राजा विदूषकाला हंसपदिकेची समजूत घालायला पाठवतो. म्हणजे शकुंतलेबद्दल ज्याच्याशी राजा बोलला होता, तो दरबारातला एकुलता एक माणूस ऐनवेळी तिथे नाही! दुसऱ्या अंकात राजानं त्याला ‘ते सगळं गमतीनं बोललो’ असं सांगून ठेवलेलंच आहे. सहाव्या अंकात शाप उतरल्यावर राजा स्वतःच हे बोलून दाखवतो: त्या वेळी तू जवळ नव्हतास, पण आधीही कधी तिचं नाव काढलं नाहीस. इतकी घट्ट वीण आहे. ‘दोषमुक्त होतो’ या तीन पैशांच्या वाक्यात तिचा मागमूस नाही.

आणि हे गाणं महाराष्ट्री प्राकृतात आहे. नाटकातल्या स्त्रियांचं गद्य शौरसेनी या दुसऱ्या प्राकृतात आणि पद्य महाराष्ट्रीत, असा संकेतच होता. ‘महुअर’ म्हणत हंसपदिका राजाला जाब विचारते ती आपल्या मराठीच्या पूर्वजभाषेत. हेही मला टिपेतूनच कळलं, आणि तेव्हापासून ते गाणं मी छायेत वाचायचं सोडून दिलं.

‘आधी कथासार वाचलं की रस संपतो’ असंही तुम्ही लिहिलंय. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल रंगभूमीवर आलं, तेव्हा अंगठी सापडते की नाही या उत्सुकतेनं कोण गेलं असेल? गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आपल्याकडे नाटक पाहणं हे बहुतेक वेळा माहीत असलेली गोष्ट पुन्हा अनुभवणं होतं. तेव्हा कथासाराला मी घाबरत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, की मग पोरांच्या हातात नेमकं काय द्यायचं, आणि कुठल्या क्रमानं. माझ्यापुरतं सांगते. पाचवा अंक द्यावा, छायेसकट आणि एखाद्या सरळ मराठी भाषांतरासकट. एका बैठकीत मोठ्यानं वाचून घ्यावा, अडलं तरी न थांबता. मग टिपा: हंसपदिका कोण, कंचुकी कोण, शकुंतलेला दरबारात घेऊन आलेले कण्वाचे शिष्य शार्ङ्गरव आणि शारद्वत या दोघांच्या बोलण्यात फरक काय. मग अंक पुन्हा, या वेळी थांबत थांबत. मग वहीत लिहायला सांगावं: शाप नसता तर दुष्यंतानं काय केलं असतं? दोन्ही बाजूंनी लिहिता येतं आणि दोन्ही बाजूंना नाटकातला पुरावा आहे. हे लिहून झाल्यावर खुशाल गाईडमधलं उत्तर उघडावं आणि ते कुठे कमी पडतं ते मुलांनाच शोधू द्यावं. तुमच्या हाताखालच्या वर्गात हे करून पाहणं शक्य असेल, तर मुलांनी काय लिहिलं ते वाचायला मला फार आवडेल.