बॅन मशीनवर बसतो बे, अकाउंटवर नाही

सोलापुरातल्या गेमिंग ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. म्हणणं असं की कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं मशीन, आपण पैसे देऊन घेतलाय त्यामुळे कंपनी तो बॅन, म्हणजे ऑनलाइन सेवेतून बाद, करूच शकत नाही, केलाच तर अकाउंट बदला नाहीतर व्हीपीएन लावा, लगेच सुटतो, ऑफलाइन खेळलं तर त्यांना कळतच नाही, आणि भारतात याला कायदाच नाही म्हणून बिनधास्त मॉड करून घ्या, म्हणजे मशीनचं कुलूप तोडून कॉपी गेम चालतील असं करून घ्या. आणि खाली मॉड करून देणाऱ्याचा नंबर. नंबर दिसला की मेसेज कुणी आणि कशाला लिहिलाय ते कळतंच, तरी एकेक मुद्दा बघू, कारण पोरं हे खरं धरून पैसे घालायला लागलीत.

"मशीन आपलं." होय की, मशीन तुझंच. पण ऑनलाइन मॅच, स्टोअर, क्लाउड सेव्ह हे सगळं त्यांच्या सर्व्हरवर चालतं, आणि तिथं कुणाला आत घ्यायचं ते ते ठरवतात. सेटअप करताना आपण न वाचता जे ॲग्री दाबतो ना, त्यात हेच असतं. आणि करूच शकत नाही म्हणे! नोव्हेंबर २००९ मध्ये, मॉडर्न वॉरफेअर २ हा गेम बाजारात यायच्या सुमारास, मायक्रोसॉफ्टनं मॉड केलेले एक्सबॉक्स ३६० घाऊक भावात एक्सबॉक्स लाइव्ह या आपल्या ऑनलाइन सेवेवरून हाकलले. नेमका आकडा कंपनीनं दिला नाही, पण बातम्यांमध्ये सहा लाखांपासून दहा लाखांपर्यंत आकडे आले होते. २०११ मध्ये पीएस३ (प्लेस्टेशन ३) ची सिक्युरिटी फुटल्यावर सोनीनंही सांगून टाकलं की छेडछाड केलेलं मशीन प्लेस्टेशन नेटवर्कवरून कायमचं बाद.

हां, एका गोष्टीत मात्र मी मेसेजवाल्याच्या बाजूनं आहे. मे २०२५ मध्ये निन्टेन्डोनं अमेरिकेतला करार बदलून त्यात टाकलं की नियम मोडले तर आम्ही मशीनच पूर्ण किंवा काही प्रमाणात कायमचं निकामी करू शकतो. हे अति झालं. सर्व्हरवरून हाकला, बरोबर आहे, पण घरातला डबाच बंद पाडायचा हक्क कुणी दिला? याच्यावर भांडायला पाहिजे, पण त्यासाठी "बॅन होतच नाही" असं खोटं सांगायची काय गरज.

आता अकाउंट आणि व्हीपीएन, सगळ्यात जास्त पोरं इथंच फसतात. निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलचं उदाहरण घ्या. प्रत्येक स्विचमध्ये फॅक्टरीतच एक वेगळं सर्टिफिकेट, म्हणजे त्या मशीनची डिजिटल ओळख, भरलेलं असतं, नेटला लागला की मशीन तेच सर्व्हरला दाखवतं आणि बॅन त्या सर्टिफिकेटवर बसतो. गाडीला नवीन रंग मारला म्हणून चेसिस नंबर बदलतो का, तसंच हे. व्हीपीएननं फक्त आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, बदलतो, फॅक्टरी रिसेट मारला तर फक्त तुझे सेव्ह उडतात, नवीन अकाउंट काढलं तर ते त्याच बॅन मशीनवर काढलेलं असतं. उलट जुनं अकाउंट बहुतेक वेळा दुसऱ्या चांगल्या मशीनवर चालतं, म्हणजे मेसेजवाल्यानं अख्खं गणितच उलटं मांडलंय. मग काहीजण म्हणतात दुसऱ्या मशीनचं सर्टिफिकेट टाकून देतो. एकच सर्टिफिकेट दोन ठिकाणांहून ऑनलाइन दिसलं की तेही उडतं, आणि ज्याचं उचललं तो बिचारा फुकट मरतो.

"ऑफलाइन खेळलं तर कळत नाही" ही समजूत पीएस२ च्या काळातली आहे. तेव्हा चिप बसवलेलं मशीन आणि कॉपी डीव्हीडी आणायची, खेळायचं, त्या मशीनचा नेटशी संबंधच नव्हता. आताची मशीन काय खेळलं, काय एरर आला याची नोंद ठेवतात आणि पुढे कधीतरी वायफाय मिळालं की पाठवून देतात. जन्मभर वायफायला लावायचंच नाही असं ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी, पण घरात धाकटा भाऊ असतो आणि त्याला फोर्टनाइट खेळायचं असतं.

कायदा नाही म्हणे. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ६५अ कलम आलं, कॉपीराइट मोडायच्या हेतूनं डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कॉपी गेम विकणाऱ्यावर कलम ६३ लागू शकतं, सहा महिने ते तीन वर्षं आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. घरात बसून खेळणाऱ्या पोराच्या दारात उद्या पोलीस येणार असं मी म्हणत नाही, भीती घालायची नाहीये. पण नंबर टाकून धंदा करणाऱ्यानं तरी कायदा नाही असं म्हणू नये. तिकडं अमेरिकेत कन्सोल मॉड करायची साधनं विकणाऱ्या टीम एक्झिक्युटरच्या गॅरी बाउझरला २०२२ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली.

गेम महाग आहेत हे शंभर टक्के खरं. पीएस५ चा नवीन गेम पाच हजाराच्या आसपास, सोलापुरात कॉलेजच्या पोरानं कुठून आणायचे? म्हणून तर आपल्याकडं सगळा कारभार सेकंडहँडवर चालतो. आणि म्हणूनच मला हा मेसेज लई खटकतो. मॉड करणारा मजा मारतो, बॅन झाला की रिसेट मारून "एकदम कंडिशन" म्हणत विकतो, आणि भुर्दंड घेणाऱ्याला. २००९ लाही हेच झालं, बॅन झालेले एक्सबॉक्स लगेच जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत दिसायला लागले. स्विच तर निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही, म्हणजे वॉरंटी नाही, दाद मागायला इथं सर्व्हिस सेंटरपण नाही. २०२५ मध्ये बाहेरच्या देशात एकानं स्विचची जुनी गेम कार्डं विकत घेतली आणि त्याचा स्विच २ बॅन झाला, कारण प्रत्येक कार्डालाही स्वतःचं सर्टिफिकेट असतं आणि आधीच्या मालकानं बहुतेक कॉपी काढून ठेवली होती. खरेदीचे पुरावे दाखवल्यावर त्याचा बॅन उठवला. आपल्याकडं नवी पेठेत नाहीतर ओळखीत घेतलेल्या कार्डाचं बिल कोण देतं?

तेव्हा जुना कन्सोल घेताना विकणाऱ्यासमोरच मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, आपलं अकाउंट टाका, स्टोअर उघडून बघा. स्विच २ वर २१२४-४५०८ असा एरर आला तर पैसे खिशातच ठेवा. आणि तो "नेट स्लो आहे, घरी जाऊन बघा" म्हणाला तर त्याला म्हणायचं, चल की बे, तुझ्याच वायफायवर बघू.