सूत जुळेना

गाडीचं ऑइल घरीच बदलायचं, असं मी एका शनिवारी ठरवलं. इंजिनाखाली एक बोल्ट असतो. तो काढायचा, काळं ऑइल घमेल्यात सोडायचं, बोल्ट लावायचा, वरून नवं ओतायचं. यात मेकॅनिकला पैसे देण्यासारखं काय आहे, एवढा एकच प्रश्न मला पडला होता. बाकीचे सगळे बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात पडले.

"गोटी सेट द्या," मी म्हणालो. गोटी म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना.

"चौकोन केवढा?"

"बोल्ट षटकोनी आहे."

"बोल्टाचा नाही काका, गोटीचा. मागून रॅचेटचा, म्हणजे फिरवायचा दांडा बसतो तो. दोन सूत, तीन सूत की चार सूत?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढं सुताराच्या कृपेने माहीत होतं. म्हणजे गोटी मागून इंचात आणि पुढून मिलिमीटरमध्ये! मी सावरतोय तोवर त्याने विचारलं, "आणि बोल्ट कितीचा?"

याची मात्र मी तयारी करून आलो होतो. टॉर्च घेऊन, फरशीवर आडवं पडून, इंजिनाला धरून ठेवणाऱ्या बोल्टाच्या डोक्यावरचा आकडा वाचला होता. "आठ पूर्णांक आठ दशांश," मी ठणकावून सांगितलं.

दुकानातली इतर दोन गिऱ्हाइकंही वळून बघायला लागली.

"ती ताकद आहे काका. माप नाही."

घरी येऊन वाचलं. पहिला आठ म्हणजे तुटेपर्यंत ८०० मेगापास्कल ताण सोसणार. दुसरा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ताणला तरी सोडल्यावर पूर्वपदावर येणार. डोक्यावर ताकद लिहून हिंडायचं आणि माप विचारलं की गप्प! बरं, माप सांगितलंच तर ते आट्याचं, म्हणजे बोल्टाच्या दांड्याच्या जाडीचं. आठचा बोल्ट मागा, त्याच्या डोक्याला पाना लागतो तेराचा, आणि जपानी वळणाच्या गाड्यांवर बऱ्याचदा बाराचा. स्थळाच्या पत्रिकेत पगार छापावा आणि उंची विचारली की बुटाचा नंबर सांगावा, तसलं हे प्रकरण.

मी दोन सुतांचा, ४६ नगांचा सेट उचलला. डबी देखणी होती, हे एकमेव कारण. घरी बायकोने झाकण उघडून बघितलं. "अहो, या वयात गोट्या?"

सेटातली सगळ्यात मोठी गोटी चौदाची. इंजिनाखालचा बोल्ट सतराचा.

सोमवारी पुन्हा बोहरी आळी. या वेळी चार सूत, दहापासून बत्तीसपर्यंत, डबी उचलताना खांदा निखळावा अशी. दुकानदार म्हणाला, सहा पैलूंची घ्या. शेजारी बारा पैलूंचा सेट होता आणि स्वस्तही होता. सहापेक्षा बारा जास्त, हे गणित मला पाचवीपासून पक्कं आहे. सहा पैलूंची गोटी बोल्टाच्या सपाट बाजू धरते आणि बारावाली नुसते कोपरे, हे गणित त्यात नव्हतं.

इंजिनाखाली अंधार, बोटं तेलकट. हाताला लागलेली गोटी अठराची निघाली, पण ते नंतर कळलं. ती बोल्टावर जरा डुलत होती. मला वाटलं, नवी आहे, रुळेल. लांब टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावून सगळा भार टाकला. कर्र्र् आवाज आला. सुटला! मी घमेलं पुढे सरकवलं. थेंब नाही. टॉर्च मारला तर बोल्टाचा बेसनाचा लाडू झालेला.

शेवटी गाडी ढकलत कोपऱ्यावर नेली. मेकॅनिकच्या पोराने खाली वाकून बघितलं.

"काका, कुणाकडे टाकली होती?"

"होता एक."

"परत नका देऊ त्याच्याकडे."

"नाही देणार," मी मनापासून म्हणालो.

त्याने कानस फिरवली, माझ्याच डबीतली सोळाची गोटी घेतली, हातोडीने बोल्टावर ठोकून बसवली आणि एका झटक्यात सोडवला. बारा पैलू असल्या कामाला बरे, म्हणाला, चावा घेतात. ऑइल बदलायचे पैसे घेतले, नव्या बोल्टाचे घेतले, आणि सोळाची गोटी माझ्या हातात ठेवली. बोल्ट आतच अडकलाय.

आता स्पार्क प्लग काढून साफ करायचा विचार आहे. त्याला गोटी सोळाचीच लागते. पण लांब.