पाचवी फुली

माझ्या कथेतला जग्गू हा गुंड आहे. दोनदा तुरुंगात जाऊन आलाय, गालावर वार आहे आणि तिसऱ्या परिच्छेदात त्याच्या अंगठ्यावर हातोडी पडते. त्यावर तो कळवळून म्हणतो, “अरे देवा, केवढे हे दुर्दैव!”

संपादकांनी समासात लिहिलं : ‘हा गुंड आहे की कीर्तनकार?’

झालं. जग्गूच्या तोंडी शिवी घालणं आलं. अडचण अशी की मला शिवी देता येत नाही. म्हणजे ठाऊक सगळ्या आहेत, पण शिवी हासडावी लागते; मी दिली की ती आभारप्रदर्शनासारखी वाटते.

शास्त्रही जग्गूच्याच बाजूचं. २००९ साली इंग्लंडातल्या कील विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना बर्फगार पाण्यात हात बुडवून ठेवायला लावलं. साधा शब्द घोकताना जेवढी कळ सोसता आली, त्यापेक्षा शिवी घोकताना जास्त वेळ सोसता आली. म्हणजे शिवी हे वेदनाशामक. आणि मी त्या बिचाऱ्याच्या ठेचल्या अंगठ्यावर ‘केवढे हे दुर्दैव’ चोळत बसलो होतो!

आधी सौम्य मात्रा देऊन पाहिली. ‘मेल्या’ म्हणताच जग्गूची आजी झाली. ‘गाढवा’ म्हणताच वडील झाले. ‘नालायका’ला तर त्याच्या अंगावर आपोआप शाल आली.

बनावट शिवी घडवायचीही सोय असते. नॉर्मन मेलरच्या १९४८च्या युद्धकादंबरीतले सैनिक मूळ इंग्रजी शिवीच्या जागी ‘फग’ म्हणतात. मीही रात्रभर जागून एक घडवली : ‘भंडुक्या’. बायकोने विचारलं, “हे कशावरचं औषध?” पुतणीला मात्र शब्द इतका आवडला की तिने तो कुत्र्याच्या पिल्लाला ठेवला.

उरल्या फुल्या. आपल्याकडे तुकोबासुद्धा यातून सुटलेले नाहीत. ‘भले तरी देऊ’च्या पुढे गाथेत लंगोटीआधी जो शब्द आहे, त्याला उठवून पाठ्यपुस्तकाने तिथे सोवळा ‘कासेची’ बसवला. (मूळ शब्द मीही इथे लिहिलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.) मी पाच फुल्या मारल्या, हात झटकले आणि कागद टेबलावर विसरलो.

संध्याकाळी आई ते कागद घेऊन बसलेली. बोटांची पेरं मोजत होती, ओठ हलत होते.

“काय करतेस?”

“पाच अक्षरी कुठली रे? मला चार अक्षरीच आठवतात.”

“आई, फुल्या मोजायच्या नसतात. ती नुसती खूण असते.”

“म्हणजे वाचकाने अंदाजाने द्यायची? पैसे त्याने मोजायचे, शिवीही त्यानेच द्यायची, मग तू काय लिहिलंस?” तिने चष्मा नीट केला. “आणि अंगठा ठेचल्यावर पाच अक्षरं बोलायला त्याला सवड कुठली? दोन पुरे.”

तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, फुल्या खोडल्या आणि वर दोन अक्षरं लिहिली. माझे कान तापले. उभ्या आयुष्यात तिच्या तोंडून ‘मूर्खा’च्या पुढे काही ऐकलं नव्हतं. पण जग्गू! तो कागदावर तत्क्षणी जिवंत झाला. त्याचा अंगठा मला ठणकायला लागला.

“तुला हे कसं ठाऊक?”

“बत्तीस वर्षं शाळेत काढली. पोरं बाकांवर कोरून ठेवायची. सुट्टीत ते खरवडायचं कोणी?”

मी मुकाट्याने स्वच्छ प्रत काढायला बसलो. जग्गूपाशी आलो, श्वास रोखला आणि ती दोन अक्षरं एकदाची लिहून टाकली. मागे आई उभी होतीच. पुन्हा पेन्सिल पुढे आली.

“दुसरी वेलांटी,” ती म्हणाली. “त्या पोरांचीही हीच चुकायची.”